बुधवारची रात्र, हजार रुपये आणि भाचा

माझ्या आईकडे अर्धवट विणलेल्या स्वेटरांची एक पिशवी आहे, तशी माझ्याकडे अर्धवट ऑनलाइन कोर्सेसची आहे. लॉकडाऊनमध्ये डिजिटल मार्केटिंग, मग अॅडव्हान्स्ड एक्सेल, मग जर्मन (का ते विचारू नका). एका अॅपवाल्यांनी तर ईएमआयवर कोर्स गळ्यात मारला, आधी दिवसातून तीनदा फोन, "मॅडम तुमच्या करिअरचं काय", आणि पैसे भरल्यावर फोन गुल, जो मेंटॉर दिला होता तो तिसऱ्या आठवड्यात बदलला आणि चौथ्यात कुणीच नव्हतं. हप्ते मात्र न चुकता जात राहिले.

मला वाटायचं खोट माझ्यातच आहे. मग कुठंतरी वाचलं की मोफत ऑनलाइन कोर्सेसचं जगभर हेच रडगाणं आहे, नाव घालणाऱ्या शंभरातले शेवटपर्यंत पोचणारे बहुतेक वेळा दहा-पंधराच्या आतच असतात. वाचून बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

तरी एक कोर्स पूर्ण झाला. एनपीटेलचा, पायथन या प्रोग्रॅमिंगच्या भाषेचा, बारा आठवडे. एनपीटेल म्हणजे आयआयट्या आणि बंगळुरूच्या आयआयएस्सीनं मिळून 2003 मध्ये सुरू केलेलं ऑनलाइन शिकवण्याचं प्रकरण, आता कोर्सेस सरकारच्या स्वयम् पोर्टलवर असतात. नाव मला माहीत होतं पण ते इंजिनिअरिंगच्या पोरांचं आहे असं समजून मी कधी बघितलंच नव्हतं. माझा भाचा सेकंड इयरला आहे, त्याला कॉलेजच्या क्रेडिटसाठी करायचाच होता. म्हणाला, मावशी तू पण कर, मला कंपनी होईल. मी अकाउंट्समध्ये, वय बेचाळीस. पण म्हटलं बघू.

व्हिडिओ काही फार भारी नव्हते हो. त्या अॅपवाल्यांचे कितीतरी चकाचक होते, अॅनिमेशन, बॅकग्राउंडला म्युझिक, सगळं. इथं सर बोलतायत, स्क्रीनवर कोड दिसतोय, बस. पण इथं दर आठवड्याला असाइनमेंट होती आणि तिला शेवटची तारीख होती, बुधवारी रात्री 11:59. ती तारीख कुणासाठी थांबत नाही, वीज जाऊ दे नाहीतर घरी पाहुणे येऊ देत. तिसऱ्या आठवड्यात आमच्याकडे साडेअकराला लाइट गेली, वायफाय बंद, मी अंधारात मोबाइलच्या हॉटस्पॉटवर लॅपटॉप जोडून सबमिट दाबतेय आणि ते चक्र नुसतं गरगर फिरतंय, नवरा शेजारी टॉर्च धरून उभा, म्हणतोय तुला कोण शाळेत मारणारेय का. 11:56 ला गेलं एकदाचं. त्या रात्री मला पहिल्यांदा वाटलं की हा कोर्स मी सोडणार नाही.

दुसरी गोष्ट पैशाची. शिकणं फुकट, पण सर्टिफिकेट हवं तर परीक्षेचे हजार रुपये भरायचे आणि परीक्षा प्रत्यक्ष सेंटरवर जाऊन द्यायची. हजार रुपये म्हणजे बुडले तर जीव जात नाही पण टोचतात. माझ्या मते रक्कम बरोबर आहे. ईएमआयचा कोर्स एवढा महाग होता की मी तिकडं बघायचंच टाळत होते, आणि फुकटवाल्याची आठवणच राहायची नाही.

मार्कांची रचना पण शहाण्या माणसानं केलेली वाटते. नेहमीच्या बारा आठवड्यांच्या कोर्सला चांगल्यात चांगल्या आठ असाइनमेंट धरतात, त्यांना 25 टक्के, परीक्षेला 75. म्हणजे सासूबाईंच्या ऑपरेशनच्या आठवड्यात माझी एक राहिली तरी गाडी चुकली नाही. आधीच्या कोर्सेसमध्ये एक आठवडा गेला की मागचं साठायचं आणि मग तोंड दाखवायचीच लाज वाटायची (कोणाला? वेबसाइटला!).

आणि भाचा. मंगळवारी रात्री त्याचा मेसेज, "मावशी झालं का?" त्याचं स्वतःचं झालेलं नसायचंच, मला विचारायला मात्र पुढे. मग आम्ही व्हिडिओ कॉलवर बसायचो, तो मला लूप (म्हणजे तेच काम पुन्हा पुन्हा करून घेणारा कोड) समजवायचा आणि समजवता समजवता त्याचंच कुठं चुकतंय ते त्याला कळायचं. परीक्षेत मला त्याच्यापेक्षा चार मार्क जास्त पडले, हे मी घरच्या ग्रुपवर टाकलं नाही, त्याच्या आईला फक्त फोन केला.

पण सर्टिफिकेट आल्यावर दोन महिन्यांत मी निम्मं विसरले. बुधवार नाही, मेसेज नाही, कशाला कोण उघडतंय. उरलेलं टिकलं ते ऑफिसमुळं. दर महिन्याला अठरा डीलरच्या एक्सेल फायली येतात, त्या कॉपी-पेस्ट करून एक करायच्या, अर्धा दिवस जायचा. एका शनिवारी बसले, जुन्या असाइनमेंटचा कोड उघडला, मोडत-तोडत तीस-बत्तीस ओळींचा एक प्रोग्रॅम केला. सतरा फायली सुरळीत गेल्या, अठराव्याला धाडकन एरर. तास घालवला. शेवटी दिसलं, तो डीलर तारीख कधी टिंब देऊन लिहितो, कधी तिरकी रेघ, आणि एका ठिकाणी चक्क "पाडव्याला". त्या एका भानगडीपायी मी तारखांबद्दल जे शिकले ते बारा आठवड्यांत शिकले नव्हते.

आता काम वीस मिनिटांत होतं. त्यातली पंधरा त्या डीलरला फोन करण्यात जातात.