दुसऱ्या स्टेपवरचा ई

गाण्यात मागे फिरत राहणाऱ्या ओळीचे सोळाच्या सोळा सूर बरोबर होते. वहीत लिहिलेले, कीबोर्डमध्ये भरलेले, मूळ गाण्याशी तीनदा ताडून पाहिलेले. तरी पारोळ्याच्या तालमीत नाना मान हलवून म्हणाले, "हाई ते गानं नही शे." हे ते गाणं नाही.

नानांनी बरीच वर्षं बॅण्डमध्ये क्लॅरिनेट वाजवली. आर्पेजिओ, गेट, सिंक हे शब्द त्यांच्या कानावर आलेले नाहीत, पण गाणं कुठे अडखळतंय ते त्यांना अचूक कळतं. दुसऱ्या दिवशी जवळच्या गावात हळदीचा कार्यक्रम होता आणि हे गाणं यादीत चौथं.

लग्नसराईच्या तोंडावर खानदेशातले ऑर्केस्ट्रावाले कीबोर्ड घेऊन माझ्याकडे येतात ते मुख्यतः टोनसाठी. सनई हवी, बासरी हवी, नव्या गाण्यातला तो चिरका लीड हवा. टोन पेनड्राइव्हवरून पाच मिनिटांत कीबोर्डात जातो आणि त्याचे पैसे लगेच मिळतात. फिरत्या सुरांचा पॅटर्न बसवायला पूर्ण संध्याकाळ जाते, आणि त्याचे पैसे मागितले की समोरचा म्हणतो, "त्यात काय, आर्प चालू करून द्या ना." मला हे पटत नाही. गाण्याची ओळख अर्ध्याहून जास्त त्या फिरत्या ओळीत असते. टोन थोडा इकडेतिकडे झाला तर लोक चालवून घेतात, पण ओळ चुकली की गाणं परकं वाटतं.

आर्प नुसता चालू करून का भागत नाही, ते सांगतो. कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणारे सूर, दाबून धरली की आर्पेजिएटर (आर्प) तिचे सूर एकामागून एक वाजवतो. तीन सुरांची कॉर्ड, सोळांशाचा वेग (एका ठोक्यात चार सूर), खालून वर जाणारा 'अप' मोड आणि एकच ऑक्टेव्ह, म्हणजे सप्तक, ठेवला तर चक्र तीन स्टेपचं होतं. स्टेप म्हणजे एका सुराची जागा. चार ठोक्यांच्या बारमध्ये स्टेप सोळा. तीनाने सोळा निःशेष जात नाहीत, म्हणून दुसऱ्या बारची सम, म्हणजे पहिला ठोका, मूळ सुराऐवजी मधल्या सुरावर येते, तिसऱ्याची वरच्या सुरावर. अठ्ठेचाळीस स्टेप झाल्या की पुन्हा जुळतं. कॉर्ड बदलताना की-सिंक चालू असेल तर चक्र तिथून नव्याने सुरू होतं, बंद असेल तर मागचं घसरणं पुढे चालू राहतं. काही गाण्यांना हे घसरणं शोभतं. या गाण्यात नव्हतं. इथे प्रत्येक बारची सम ठाम मूळ सुरावर होती, म्हणजे सोळा स्टेप हाताने भरणं भाग होतं.

गाणं ८०च्या दशकातलं, हिंदी, डिस्को वळणाचं. फोनवरच्या टेम्पोच्या ॲपने ५६ दाखवले. ही ॲप्स बरेचदा निम्मा किंवा दुप्पट आकडा देतात, त्यामुळे पायाने ठोका धरून पाहिल्याशिवाय मी ते मानत नाही. खरा टेम्पो ११२ निघाला. त्या काळच्या टेपवरच्या रेकॉर्डिंगचा सूर बरेचदा ४४० हर्ट्झवर, म्हणजे ए सुराच्या आजच्या मापावर, बसत नाही. हे गाणं ए मायनरमध्ये, पण किंचित चढं होतं. मास्टर ट्यून ४४३ केल्यावर कीबोर्ड आणि गाणं एका सुरात आले. काम झाल्यावर तो आकडा आठवणीने परत ४४०वर आणायचा. विसरलात तर तालमीत हार्मोनियमवाला आणि कीबोर्डवाला एकमेकांवर चिडतात आणि कारण कोणालाच सापडत नाही.

मग गाणं निम्म्या वेगावर लावून एकेक सूर उतरवला. ए मायनरच्या बारमध्ये हे ऐकू आलं: ए, ई, ई, ए, वरचा ए, ई, ई, वरचा ए, सी, ई, ई, सी, वरचा ए, ई, ई, वरचा ए. विषम स्टेप (पहिली, तिसरी, पाचवी...) जोरात, सम स्टेप (दुसरी, चौथी, सहावी...) दबलेल्या. तसं भरलं. विषम स्टेपची व्हेलॉसिटी, म्हणजे सुराचा जोर, १००, सम स्टेपची ७५. गेट, म्हणजे स्टेपचा किती भाग सूर वाजतो ते, ६० टक्के. सॉ-वेव्हचा टोन, अटॅक शून्य, सस्टेन शून्य, डिके एवढाच की सूर टपकन पडावा आणि मागे रेंगाळू नये. एफच्या कॉर्डवर तोच आराखडा: एफ, सी, सी, एफ आणि पुढे तसंच.

एकटं ऐकलं तर हुबेहूब. गाण्यात घातलं की निर्जीव. नानांचं म्हणणं त्यावरच होतं.

त्यांना विचारलं, नेमकं कुठे? ते म्हणाले, "पट्टी बदलस ना, तठे." पट्टी म्हणजे त्यांच्या बोलण्यात कॉर्ड. ए मायनरवरून एफवर जाताना मूळ गाण्यात काहीतरी टोचतं आणि लगेच विरतं. आमच्याकडे ते टोचणं नव्हतं.

रात्री घरी फक्त तेवढाच सांधा ऐकला, चौथाई वेगाने, पंचवीस-तीस वेळा. एफच्या बारची पहिली स्टेप एफ. दुसऱ्या स्टेपवर मी आराखड्याप्रमाणे सी भरला होता. मूळ गाण्यात तिथे ई होता. एफ कॉर्डवर ई, म्हणजे एफच्या अगदी शेजारचा, अर्ध्या सुराने खालचा. टोचत होता तो हाच. नवीन कॉर्ड लागलेली असताना मागच्या कॉर्डचा एक सूर उंबऱ्यात उभा होता.

एवढं कळल्यावर बाकीचं आपोआप उलगडत गेलं. वाजवणारा माणूस कॉर्ड बदलल्यावर मागचा सूर मुद्दाम कशाला वाजवेल? आणि ई सारखा दोन-दोनदा का येतो, दुसऱ्या-तिसऱ्या, सहाव्या-सातव्या, दहाव्या-अकराव्या, चौदाव्या-पंधराव्या स्टेपवर? आर्प असं वाजवत नाही, बोटंही नाहीत. मुळात वाजवलेले सूर सोळा नव्हतेच, आठ होते: ए, ई, वरचा ए, ई, सी, ई, वरचा ए, ई. साध्या अष्टमांशात, फक्त विषम स्टेपवर. सम स्टेपवरचा प्रत्येक सूर म्हणजे तीन स्टेप आधीच्या सुराचा इको. पहिलीवरचा ए चौथीवर परत येतो, तिसरीवरचा ई सहावीवर. आणि पंधरावीवरचा ई पुढच्या बारच्या दुसऱ्या स्टेपवर येतो, तेव्हा खाली कॉर्ड बदललेली असते.

दबलेल्या सम स्टेपचा अर्थही तेव्हाच लागला. मी त्यांना व्हेलॉसिटी कमी करून दाबलं होतं. मूळ गाण्यात त्या नुसत्या हळू नाहीत, मंदही आहेत, वरची धार गेलेल्या. टेपवरचा इको असाच असतो. रोलँडचा आरई-२०१ स्पेस इको १९७४चा, त्यात टेपचं वेटोळं फिरतं आणि पुढच्या हेडवरून तोच आवाज परत उचलला जातो. प्रत्येक फेरीत वरच्या फ्रिक्वेन्सी थोड्या झिजतात. या गाण्यात नेमकं कोणतं यंत्र होतं त्याने फरक पडत नाही, झीज त्याच जातीची आहे.

सकाळी पॅटर्न पुसला आणि आठ सूर ठेवले. मधले सूर आता कीबोर्डमधला डिले, म्हणजे इको देणारा इफेक्ट, देणार होता. डिलेचा हिशेब सोपा आहे. ११२च्या टेम्पोला एक ठोका ५३६ मिलिसेकंदांचा, सोळांश १३४चा, तीन सोळांश म्हणजे ४०२. कीबोर्डमध्ये मिलिसेकंद भरण्यापेक्षा टेम्पो-सिंक लावून डॉटेड एटथ (तेच तीन सोळांश) निवडावं, म्हणजे टेम्पो हलवला की डिले सोबत हलतो. फीडबॅक, म्हणजे इकोचा पुन्हा इको किती व्हावा ते, १५ टक्क्यांच्या आसपास. जास्त ठेवला तर दुसरा इको सहा स्टेपनंतर थेट वाजवलेल्या सुरांवरच येऊन बसतो आणि सगळा चिखल होतो. इकोची वरची धार कमी करणारा हाय डॅम्प ४००० हर्ट्झवर. इकोची पातळी मूळ सुराच्या थोडी खाली, फार खाली नाही, कारण इथे इको सजावट नाही, ओळीतले निम्मे सूर तोच देतो.

एक गोष्ट अनेकजण चुकवतात. डिले सगळ्या पार्टला मिळून एकच असेल तर खाली लावलेल्या स्ट्रिंग्जही तीन-तीन सोळांशाने परत येऊ लागतात. स्ट्रिंग्जच्या पार्टचा डिले सेंड, म्हणजे त्यातला किती आवाज डिलेकडे जातो ते, शून्य करायचा. आणि हे सगळं झाल्यावर राइट, म्हणजे सेव्हचं बटण, दाबायचं. जनरेटरवरच्या कार्यक्रमात वीज क्षणभर जरी गेली तरी सेव्ह न केलेलं सगळं जातं.

आठ सूर डाव्या हाताने सहज वाजतात, त्यामुळे कीबोर्डवाला पोरगा म्हणाला की मशीनचा पॅटर्न नकोच, हातानेच वाजवतो. मी हो म्हटलं. ते बरोबर केलं का, हा प्रश्न अजून मनातून जात नाही. गाणाऱ्या ताईंना गाणं काळी चारमध्ये हवं होतं, म्हणजे अर्धा सूर खाली. ट्रान्सपोज उणे एक केलं आणि तालीम झाली. कॉर्ड बदलली, ई टोचला, विरला. ट्रान्सपोजमुळे तो आता ई राहिला नव्हता, पण टोचायचा तसाच टोचला. नाना म्हणाले, "आते शे." मग खाली बघत पायाने ठोका देत राहिले.

गावात मांडवात पोचलो तेव्हा ऊन उतरत होतं. साउंडचेकला गाणं लावलं आणि ओळ निम्मी गायब. आठच सूर, मध्ये भोकं. पोरगा घाबरून डिले वाढवू लागला, तशी मॉनिटरमध्ये नुसती घरघर झाली. सेटिंग तर तेच होतं. वायर हातात धरून कीबोर्डपासून मिक्सरपर्यंत गेलो. कीबोर्डमधून डावा-उजवा असे दोन जॅक निघाले होते, पण मिक्सरच्या चॅनलला फक्त डावा लावलेला. उजवी वायर डब्यापाशी गुंडाळून ठेवली होती. या डिलेचा प्रकार असा की मूळ आवाज डावीकडे जास्त, इको उजवीकडे. इको त्या गुंडाळीत अडकला होता.

साउंडवाल्याकडे मोकळा चॅनल नव्हता. त्याला दोष देण्यात अर्थ नाही. मांडवातले स्पीकर तसेही मोनोच चालतात आणि कीबोर्डला एक वायर देणं ही सगळीकडची रीत आहे. उपाय कीबोर्डपाशीच होता. उजव्या सॉकेटमधला जॅक उपटून काढला. डाव्या सॉकेटवर मोनो लिहिलेलं असतं ते यासाठीच: उजवं सॉकेट रिकामं असेल तर कीबोर्ड दोन्ही बाजू एकत्र करून डावीकडून देतो. नुसती वायर मिक्सरला न लावून हे होत नाही, जॅक सॉकेटमधूनच काढावा लागतो. ओळ भरून आली. मग डिलेही पॅनिंग नसलेल्या प्रकारावर आणून सेव्ह केला. हे मी पहिल्याच दिवशी करायला हवं होतं. मांडवासाठी बसवलेलं गाणं घरी हेडफोनवर स्टिरिओत तपासणं ही माझी चूक.

कार्यक्रमात मुखडा आणि पहिला अंतरा सुरेख गेले. दुसऱ्या अंतऱ्याला पोरं नाचायला पुढे आली आणि ढोलकीचा वेग चढला. आप्पांची ढोलक गर्दी बघून चढतेच. ११८च्या घरात गेली असेल. पोरगा हाताने वाजवत असल्यामुळे सूर ढोलकीबरोबर गेले, पण डिले ११२वरच राहिला. ११८ला इको ३८१ मिलिसेकंदांनी यायला हवा, तो ४०२नी येत होता. २१ मिलिसेकंद कागदावर क्षुल्लक दिसतात. ऐकताना ओळ लंगडते. दोन ओळी लंगडली, मग पोराने टॅप बटणावर चार ठोके देऊन सावरलं. टॅप देताना हात कॉर्डवरून उठतो, तेवढी जागा रिकामी गेली.

दुसरा मार्ग होता: आठ सुरांचा पॅटर्न मशीनवर, आणि आप्पांच्या कानात क्लिक, म्हणजे यंत्राचा ठरलेला ठोका. मग काही लंगडलं नसतं, पण ढोलक चढलीही नसती. १९८२ साली मुंबईत चरणजित सिंग यांनी टीबी-३०३ आणि टीआर-८०८ ही बेस आणि ड्रम आपोआप वाजवणारी यंत्रं लावून त्यावर राग वाजवले. तिथे यंत्राच्या न हलणाऱ्या ठोक्यातच गंमत आहे, कारण सगळं त्याच्याभोवती रचलेलं आहे. हळदीच्या मांडवात आप्पांना क्लिकला बांधणं मला जिवावर येतं. ऑक्टापॅडवाल्याकडून, म्हणजे इलेक्ट्रॉनिक ड्रमपॅड वाजवणाऱ्याकडून, कीबोर्डला मिडी क्लॉक, म्हणजे वायरीतून टेम्पो, देता येईल. मिडीमध्ये एका ठोक्याला २४ टिकटिका जातात आणि डिले त्यांच्यामागे धावतो. पण ऑक्टापॅडवाला स्वतः आप्पांच्या मागे धावत असतो, आणि त्याच्या पॅडमधला टेम्पो चालत्या गाण्यात कोण फिरवणार?

सध्या एवढंच ठरवलंय की मुखडा संपून म्युझिक पीस सुरू होतो तिथे पोराने एकदा टॅप द्यायचा, हात मोकळा असताना. पुढच्या तालमीत करून बघू.

आणि जुने पॅटर्न काढून बसलोय. जिथे एकच सूर लागोपाठ दोनदा लिहिलाय, दुसऱ्यांदा दबलेला, तिथे खूण करतोय. आतापर्यंत दोन गाणी सापडली. एकात इको तीन स्टेपनीच येतो, ते सुटलं. दुसऱ्यात कधी तीन स्टेपनी येतो, कधी चार, आणि कॉर्ड बदलली की मागचं काहीच उरत नाही. त्याचा सांधा पुन्हा चौथाई वेगाने लावलाय.