कृष्णाकाठची मुलं वेळासच्या पुळणीवर

निघायच्या आधी पंधरा दिवस वर्गात एक घोटाळा झाला, आणि खरं तर आमची वेळासची कासव-सहल तिथूनच सुरू झाली.

प्रोजेक्टरवर गुगल अर्थ उघडून मी नववीच्या मुलांना दोन ठिपके जोडायला सांगितले होते. एक ओडिशातलं गहिरमाथा, दुसरा रत्नागिरी जिल्ह्यातलं गुहागर. गहिरमाथ्याला २०२१च्या मार्चमध्ये ऑलिव्ह रिडले कासवाच्या एका मादीच्या पुढच्या पायाला धातूचा बिल्ला लावला होता, क्रमांक ०३२३३. तीच मादी २०२५च्या जानेवारीत गुहागरला अंडी घालताना सापडली. मुलांनी मोजपट्टीचं बटण दाबून सरळ रेघ ओढली. साधारण दीड हजार किलोमीटर. रेघ बस्तर, तेलंगण, मराठवाडा ओलांडून थेट आमच्या सातारा जिल्ह्यातून गेली.

"बाई, कासव आपल्याकडून गेलं?"

मग रेघ पुसून सगळे समुद्रातून वाट काढायला बसले. गुहागरकडून कन्याकुमारीपर्यंत ठीक होतं, श्रीलंकेपाशी वाद पेटला. कुणी रामसेतूजवळच्या उथळ पाण्यातून नेलं, कुणी बेटाला पूर्ण वळसा घातला. वळसा घातला तर अंतर साडेतीन हजार किलोमीटरच्या घरात जातं. कासवानं खरी कुठली वाट धरली ते बिल्ला सांगत नाही, त्याला दोनच ठिकाणं ठाऊक असतात. त्या दोन ठिकाणांनी मात्र मोठं काम केलं. पूर्व आणि पश्चिम किनाऱ्यावरची कासवं वेगवेगळी, असा समज होता, त्याला तडा गेला. बारा-तेरा वर्षं भूगोल शिकवतेय, पण नकाशावरून मुलं इतकी भांडलेली मी पाहिली नव्हती.

मार्चमधल्या एका शनिवारी पहाटे वाईहून बस निघाली. पसरणीचा घाट चढून पहिला थांबा जुन्या महाबळेश्वरला, पंचगंगा मंदिरात. मुद्दामच. कृष्णा आणि सावित्री दोघींचा उगम इथलाच. कृष्णा आमच्या वाईवरून पुढे थेट बंगालच्या उपसागराला जाते, सावित्री पश्चिमेला उडी घेऊन शंभरेक किलोमीटरमध्ये अरबी समुद्र गाठते. आम्ही सावित्रीची सोबत धरली. आंबेनळी घाट, पोलादपूर, महाड. प्रत्येक गटाच्या फोनवर नकाशा आधीच उतरवून ठेवला होता, कारण पुढे रेंजचा भरवसा नाही. म्हाप्रळला नदी पुन्हा दिसली तेव्हा ती खाडी झाली होती. दोन्ही काठांना तिवरं, चिखलात उड्या मारणारे निवटे. मासा पाण्याबाहेर चालतो हे आमच्या मुलांनी पहिल्यांदाच पाहिलं. तिथून बस हलवायला अर्धा तास लागला.

मंडणगडवरून वेळास. नाना फडणवीसांचं गाव, सुपारीच्या वाड्या, जांभ्याच्या पायवाटा. उतरलो ते एका घरी, जेवायला उकडीचे मोदक आणि सोलकढी. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेनं २००२मध्ये इथे कासवांचं काम सुरू केलं, तेव्हा अंडी पळवली जायची. माणसांच्या तावडीतून वाचलेली कोल्ह्या-कुत्र्यांच्या तोंडी जायची. आज त्याच गावातले कासवमित्र पहाटे किनारा चालून घरटी शोधतात आणि अंडी कुंपणातल्या हॅचरीत त्याच खोलीवर पुरतात. एका घरट्यात शंभराच्या आसपास अंडी, साधारण पन्नास दिवसांनी पिल्लं. वाळू जास्त तापली तर माद्या जास्त, थंड राहिली तर नर जास्त. हे ऐकल्यावर एका मुलीनं वाळूत बोट खुपसून ठेवलं, ते बराच वेळ काढलंच नाही.

दुपारी ओहोटी होती. मुलांना काम दिलं होतं: पाण्याच्या कडेपासून सुरूच्या बनापर्यंत सरळ चालायचं, दर वीस पावलांवर थांबून फोनवर ठिपका टाकायचा आणि दिसेल ते लिहायचं. खेकड्यांची बिळं, शिंपले, मग वाळूला धरून ठेवणारी मर्यादवेल. पाचच मिनिटांत ओरडा झाला. "बाई, आम्ही समुद्रात आहोत!" पहिले चार ठिपके नकाशातल्या निळ्या रंगात पडले होते. पाय कोरड्या वाळूवर आणि ठिपका पाण्यात. नकाशातली किनाऱ्याची रेघ भरतीची असते, हे वर्गात मी कितीदा सांगितलं असेल. आता सांगावं लागलं नाही. कासवाची मादी भरतीरेषेच्या वर का चढते, हेही त्यांचं त्यांनीच ओळखलं.

पाठ्यपुस्तकात भारताची किनारपट्टी ७,५१६ किलोमीटर, नव्या मोजणीत ११,०९८. मुलांना हा आकडा नेहमी खोटा वाटतो. संध्याकाळी बाणकोटच्या हिंमतगडावरून सावित्रीचं मुख आणि पलीकडचं हरिहरेश्वर पाहताना मी खाडीच्या काठाकडे बोट दाखवलं. मोजपट्टी जितकी बारीक, तितकी अशी वळणं मोजणीत येतात. एवढंच सांगून थांबले, सूर्य बुडत होता.

पिल्लं दुसऱ्या दिवशी सकाळी मिळाली. कासवमित्रानं घरट्यावरची टोपली उचलली, खाली काळी, चिमूटभर तेवीस पिल्लं. दोरीच्या मागे उभी असलेली माझी चाळीस मुलं एकदम गप्प झाली. पिल्लांना उचलून पाण्यात सोडत नाहीत, वाळूवर ठेवतात, चालायचं त्यांनीच. एक पिल्लू लाटेनं तीनदा मागे फेकलं. चौथ्यांदा गेलं.

ते गेलं त्या जागेवर एका मुलानं ठिपका टाकला आणि विचारलं, "पुढचा कुठे टाकू?" एवढ्या पिल्लाला वाट कळवणारा उपग्रह टॅग लावता येत नाही. वेळासलाच जानेवारी २०२२मध्ये 'प्रथमा' नावाच्या मादीला उपग्रह टॅग लावला होता. २०२३मध्ये गुहागरच्या 'बागेश्री'ची वाट तर श्रीलंकेला वळसा घालून बंगालच्या उपसागरापर्यंत दिसली. पण त्या मोठ्या माद्या. या पिल्लाची वाट कुणालाच दिसणार नाही. मी त्याला तसंच सांगितलं. त्यानं ठिपका तिथेच ठेवला.

परवा वर्गाचा सामाईक नकाशा उघडला, तर कुणीतरी निळ्या रेघेनं वाईपासून कृष्णा ओढत थेट आंध्रातल्या हंसलादेवीपर्यंत नेली होती. शेवटी ठिपका, आणि शेजारी लिहिलेलं: 'इथे पण कासवं येतात. कधी जायचं?'

मुख्याध्यापकांकडे अर्ज दिला आहे.