सहाव्या रांगेतला हत्ती

लालबागमधल्या आमच्या बुद्धिबळाच्या क्लासच्या खोलीखाली ऑगस्टमध्ये रोज संध्याकाळी ढोलाचा सराव चालतो. गणपती जवळ आले की पटावर काय बोलतोय ते मुलांना दोनदोनदा सांगावं लागतं. त्या सोमवारी मात्र बराच वेळ मीच गप्प होतो.

समोर भांडुपहून येणारा माझा बारा वर्षांचा विद्यार्थी बसला होता. आदल्या दिवशी चेंबूरला एका रेटिंग स्पर्धेच्या शेवटच्या फेरीत तो जवळजवळ चार तास खेळून हरला होता. आई त्याला सोडायला वर आली आणि दारातूनच म्हणाली, "सर, तुम्ही सांगितल्याप्रमाणे काल रात्रीपासून मी त्याला एंजिन लावू दिलेलं नाही. पण तो जेवलाही नाही नीट."

एंजिन म्हणजे डाव तपासून चाली सुचवणारा संगणक-प्रोग्राम, आणि त्याबद्दलचा हा नियम मी गेली सहा वर्षं पाळतो : आधी वही, मग एंजिन. डाव संपला की त्याच दिवशी, शक्यतो घरी जातानाच, वहीत तो शब्दांत लिहायचा. कुठल्या चालीला किती वेळ घेतला, काय दिसलं, काय टाकून दिलं, कशाची भीती वाटली. चाली स्कोअरशीटवर असतातच, पण विचार दुसऱ्या दिवसापर्यंत पुसट होतात. आणि एकदा का स्टॉकफिशसारख्या एंजिनने कोण किती पुढे आहे तो आकडा दाखवला, की मुलाला खरंच वाटायला लागतं की मलाही तेच दिसलं होतं. मग विश्लेषण करायला हातात काही उरत नाही. माजी जगज्जेता बोट्विनिक आपल्या डावांचं लेखी विश्लेषण करण्यावर इतका भर का देत असे, ते मला खेळाडू असताना कधी कळलं नाही. शिकवायला लागल्यावर कळलं.

ओपनिंग आम्ही दहा मिनिटांत संपवलं, त्यात काही नव्हतं. मधल्या खेळात त्याने एक प्यादं गमावलं होतं, तेही नेहमीच्या घाईने. खरा डाव पुढे होता. दोघांकडे एकेक हत्ती आणि पांढऱ्याकडे एक जादा प्यादं, एफ फाइलवरचं, म्हणजे एफ ह्या उभ्या ओळीतलं. आमचा काळा. ५८ व्या चालीला पांढऱ्याचा राजा जी-५ वर, प्यादं एफ-५ वर, हत्ती ए-७ वर. आपला राजा एफ-८ वर आणि हत्ती बी-६ वर.

ज्यांनी हत्तीचे शेवट, म्हणजे मोजके मोहरे उरल्यावरचा खेळ, गिरवलेत, त्यांना ही रचना लगेच ओळखू येईल. अठराव्या शतकातला फ्रेंच खेळाडू फिलिडोरने १७७७ मध्ये दाखवलेला हाच बचाव. हत्ती सहाव्या रांगेत, म्हणजे आपल्या बाजूने तिसऱ्या रांगेत ठेवायचा, म्हणजे समोरच्या राजाला पुढे चढताच येत नाही. बी-६ वरून सी-६, सी-६ वरून परत बी-६, एवढंच करत राहायचं. प्यादं सहाव्या रांगेत आलं, की पांढऱ्या राजाचा आडोसा गेला. मग हत्ती थेट पहिल्या रांगेत न्यायचा आणि मागून शह देत राहायचं. डाव बरोबरीत.

आणि ह्या पोराने तिथे हत्ती बी-८ वर, मागच्या रांगेत नेला. पुढच्या सहा चालींत सगळं संपलं.

मी तोंड उघडणार होतो. इतक्या वेळा केलेला शेवट, चार तास खेळून इथे झोप लागली का, असं काहीतरी निघणार होतं. पण नियम माझाच होता, आधी वही वाचायची. वाचली.

"५८. घड्याळात १९ मिनिटं. १४ मिनिटं घेतली. हत्ती बी-६ वरच ठेवला तर त्याचा राजा वर येत नाही. सी-६, बी-६ करत राहू?" ह्या वाक्यावर पेन्सिलची आडवी रेघ. त्याखाली : "नको. सरांनी सांगितलंय, हत्ती मागच्या रांगेत, राजा प्याद्यासमोर, आणि हलायचं नाही."

मी ते दोनदा वाचलं. मग कपाटातून माझी जूनमधल्या पाठांची वही काढली. पावसामुळे लोकल बंद पडल्या होत्या, मुलं उशिरा आली होती, आणि दीड तासाचा पाठ मी पाऊण तासात उरकला होता, तो दिवस. वहीत आकृती होती : प्यादं जी फाइलवर, बचावाचा हत्ती मागच्या रांगेत. खाली माझ्याच अक्षरात, "मागे बसा, बरोबरी." ते प्यादं जी फाइलचं आहे म्हणूनच हे चालतं, ही ओळ कुठेच नव्हती. मी बोललोही नव्हतो. बोललो असतो, तर ह्या मुलाच्या वहीत ते नक्की असतं. तो सगळं लिहून घेतो.

"चूक तुझी नाही," मी त्याला म्हटलं. "मी अर्धं शिकवलं."

त्याचा विश्वास बसेना. मुलांना सर चुकलेले आवडत नाहीत, त्यांच्या पायाखालची जमीन हलते. म्हणून मी बोलणं थांबवून पट मांडला. एकीकडे एफ प्यादं, दुसरीकडे जी प्यादं, आणि त्याला दोन्हीकडे पांढऱ्याने खेळायला लावलं.

एफ प्याद्यात त्याला काल आपण कसे मेलो ते आता स्वतःच्या हाताने करायचं होतं. राजा जी-६ वर, प्यादं एफ-६ वर, काळा राजा जी-८ वर. हत्ती जी-७ वर शह, मग एच-७ वर वळसा, प्यादं एफ-७ वर शह देत, आणि शेवटी हत्तीचा एच-८ वरून शह. काळ्या राजाला हटावं लागतं आणि बी-८ वरचा हत्ती मरतो. मग जी प्याद्यात तेच करून बघ म्हटलं. राजा एच-६ वर, प्यादं जी-६ वर. त्याने हत्ती उचलला, डावीकडे नेला, परत आणला, आणि बराच वेळ पटाच्या उजव्या कडेकडे बघत राहिला.

"सर, इथे जागाच नाही. हत्तीला वळायला अजून एक फाइल लागेल."

"आणि ती पटावर नाही."

तेव्हा कुठे तो हसला. खालचे ढोल कधी थांबले ते आम्हा दोघांनाही कळलं नव्हतं.

एंजिन आम्ही सगळ्यात शेवटी लावलं. पटावर मोजून पाच मोहरे; असे शेवट संगणकाने कधीच संपूर्ण सोडवून ठेवलेत, त्यामुळे मतभेदाचा प्रश्नच नव्हता. रेघ मारलेल्या चालीवर शून्य, म्हणजे बरोबरी. पण रविवारी रात्रीच हे बघितलं असतं, तर त्याला फक्त एवढंच कळलं असतं की हत्ती बी-८ चुकलं. का नेला, कोणाच्या शब्दावर नेला, तो शब्द कुठपर्यंत खरा, ह्यातलं काहीच त्या शून्यात नव्हतं. त्याला बरोबर चाल सापडली होती आणि त्याने ती माझ्यासाठी खोडली होती. माझ्या डोक्यातून ती पेन्सिलची रेघ अजून जात नाही.

मंगळवारी मी जूनच्या त्या पाठाला बसलेल्या अकराही जणांच्या वह्या मागवल्या. नऊ जणांनी माझं वाक्य जसंच्या तसं उतरवलं होतं. त्या आठवड्यात सगळ्यांना परत बोलावून तो पाठ पुन्हा घेतला, पूर्ण दीड तास.

पण ते नंतर. त्या सोमवारी साडेआठला आई घ्यायला आली, तरी हा उठेना. वही पहिल्या पानापासून उलटत होता. एका पानावर थांबून त्याने बोट ठेवलं. माझंच वाक्य होतं, हत्ती नेहमी पुढे गेलेल्या प्याद्याच्या मागे ठेवा.

"सर, हे कुठपर्यंत खरं?"

मी आईला म्हटलं, "ताई, पंधरा मिनिटं बसता का?" आणि मोहरे पुन्हा मांडायला घेतले.