दोन मिलिमीटर

मंगळवारी ताडोबा पर्यटकांसाठी बंद असतो, त्यामुळे मोहर्ली गेटकडच्या सफारीच्या जिप्सी चंद्रपूरच्या माझ्या गॅरेजात बहुतेक त्याच दिवशी येतात. त्या मंगळवारी आलेली जिप्सी एका तरुण चालकाने वर्षभरापूर्वी जुनी विकत घेतलेली होती. मागून घरघर येत होती आणि क्राउन-पिनियन, म्हणजे मागच्या चाकांना ओढ देणारे गिअर, बदलावे लागेल, असे त्याला कुणीतरी सांगितले होते. "भाऊ, खर्च फार आहे, तुम्ही एकदा पाहून घ्या," एवढेच तो म्हणाला.

जंगलात गाडी इतकी हळू चालते की असा आवाज तिथे कळत नाही, म्हणून मी ती मोहर्ली रस्त्यावर काढली. चाळिसाच्या पुढे घरघर सुरू झाली. अॅक्सिलरेटर दाबला, सोडला, गाडी न्यूट्रल केली, तरी आवाजात फरक पडला नाही. क्राउन-पिनियनचा आवाज ओढ बदलली की बदलतो आणि टायरचा आवाज डांबर सोडून मातीवर उतरताच बदलतो. हा मात्र फक्त वेगाबरोबर वाढत होता. डाव्या वळणावर, म्हणजे उजव्या चाकांवर भार आला की तो जाड व्हायचा. मागच्या उजव्या चाकाचे बेअरिंग गेले आहे, याबद्दल माझी खात्री झाली.

गॅरेजात गाडी घोडीवर घेतली. एक हात स्प्रिंगच्या पाट्यावर ठेवून दुसऱ्याने चाक फिरवले, तेव्हा पाट्यातून वाळू दळल्यासारखी खरखर बोटांना लागली. मग चाक सरळ बाहेर ओढून पाहिले आणि ते जवळजवळ दोन मिलिमीटर बाहेर आले. नुसत्या झिजलेल्या बेअरिंगमध्ये एवढा प्ले, म्हणजे ढिलेपणा, नसतो.

ब्रेकचा ड्रम काढला तर आत गिअर ऑइलचा उग्र वास आणि ब्रेकचे लायनर तेलाने चिंब. चाक फिरवणारा शाफ्ट स्लाइड हॅमरने बाहेर ओढला, तेव्हा खरी गोष्ट समोर आली. बेअरिंगला टेकून घट्ट बसायला हवी ती रिंग आपल्या जागेवरून सरकली होती आणि तिच्याखालचा शाफ्टचा पट्टा घासून आरशासारखा चमकत होता. रिंगवर छन्नीचे जुने घाव होते. आधी कुणीतरी बेअरिंग बदलताना जुनीच रिंग ठोकून परत बसवली होती. जिप्सीच्या मागच्या अॅक्सलमध्ये शाफ्टला दुसरे कुठलेही लॉक नसते; चाक गाडीत राहते ते त्या एका रिंगच्या घट्टपणावर. रिंग निघाली तर शाफ्ट, ड्रम आणि चाक एकत्रच बाहेर येतात. सहा पर्यटक, गाईड आणि हा मुलगा अशा आठ जणांना घेऊन ती गाडी रोज दोन फेऱ्या करत होती. मी त्याला बोलावून ती रिंग त्याच्या हातात दिली.

घासलेल्या त्या शाफ्टवर नवी रिंग प्रेसमध्ये धरली, तर ती काट्यावर नावालाच दाब दाखवत सरकत गेली. शाफ्ट झिजला होता. बुधवारची बुकिंगे होती, म्हणून त्याने विचारले, "रिंगला वेल्डिंगचे दोन टाके मारले तर?" त्या उष्णतेने शाफ्ट ठिसूळ होतो आणि पुढे नेमका तिथेच तुटतो, म्हणून मी स्पष्ट नकार दिला. बुधवारच्या दोन्ही फेऱ्या बुडाल्या. त्याचे नुकसान मला कळत होते, पण दुसरा इलाज नव्हता. नागपूरहून शाफ्ट बुधवारी दुपारी आला.

तोवर मी मूळ कारण शोधले. अॅक्सलच्या हौसिंगमधले ऑइल दुधाच्या कॉफीसारखे झाले होते, म्हणजे त्यात पाणी शिरले होते, आणि वरचा ब्रीदर, म्हणजे आतल्या हवेला ये-जा करायचे छिद्र, चिखलाने पूर्ण बुजला होता. धावून तापलेला अॅक्सल नाल्याच्या गार पाण्यात उतरला की आतली हवा आकसते. ब्रीदरमधून हवा मिळाली नाही, तर ती सीलच्या कडेने पाणी ओढते. पुढे अॅक्सल तापला की तोच कोंडलेला दाब ऑइल बाहेर ढकलतो. हे तसेच ठेवले असते, तर नवे बेअरिंगही पुढचा पावसाळा काढू शकले नसते. ब्रीदर साफ केला आणि त्याला रबरी नळी लावून ती चॅसिसच्या वरपर्यंत नेली.

नवे बेअरिंग आतल्या रेसवर, म्हणजे आतल्या कड्यावर, दाब देऊन बसवले. बाहेरच्या रेसवर दाब दिला, तर गोळ्यांचे खड्डे पडतात. त्यामागून नवी रिंग घातली आणि या वेळी प्रेसचा काटा चांगला वर गेला. नवे सील, नवे लायनर, नवे ऑइल घातले आणि ब्रेकची हवा काढली.

संध्याकाळी साठच्या वेगाने जाऊन आलो. फक्त टायरचा आवाज होता. उतरून दोन्ही मागच्या ड्रमना हात लावला, तर दोन्ही सारखेच कोमट लागले. पाचशे किलोमीटरनंतर ऑइलचा रंग दाखवायला ये, असे सांगून मी त्याच्या हातात किल्ली दिली.