खिडक्या मी कापत नाही

तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते. माझ्या मॉडेल रेल्वेचा एखादा डबा हातात आला की बघणारा एक डोळा मिटून खिडक्यांची रांग न्याहाळतो आणि मग ठरलेला प्रश्न येतो: प्लास्टिकच्या साध्या शीटमधून इतक्या सरळ खिडक्या कापता कशा? हात हलत नाही का?

हलतो की. चारचौघांचा हलतो तेवढाच हलतो. खिडक्या सरळ दिसतात, कारण त्यातली एकही कापलेली नसते.

आधी मापं सांगते. मी एचओ मापात काम करते, म्हणजे 1:87, खऱ्या गाडीच्या सत्त्याऐंशीव्या भागाएवढं. युरोपातल्या लांब पल्ल्याच्या गाड्यांचा यूआयसी-एक्स जातीचा डबा 26.4 मीटर लांब असतो; या मापात तो 303 मिलिमीटर होतो आणि रुंदी साडेबत्तीस. दुसऱ्या वर्गाच्या डब्यात बारा कंपार्टमेंट, म्हणजे प्रवाशांच्या बंद खोल्या, आणि खोल्यांच्या बाजूला बारा मोठ्या खिडक्या, प्रत्येक जेमतेम 14 मिलिमीटर रुंद. एका खिडकीत 0.1 मिलिमीटर इकडेतिकडे झालं तर कुणाला कळणारही नाही. पण प्रत्येक खिडकी आधीच्या खिडकीपासून मोजत गेलात, तर बाराव्या खिडकीपाशी त्याचा मिलिमीटरहून जास्त फरक झालेला असतो आणि टोकाच्या दरवाजाला जागा पुरत नाही.

शिवाय डोळा मोठा पक्षपाती असतो. दोन खिडक्यांमधला खांब थोडा जाड-बारीक असला तरी तो चालवून घेतो. एका खिडकीची खालची कड शेजारणीपेक्षा केसभर वर गेली की मात्र लगेच पकडतो. म्हणजे सगळं लक्ष वर-खालच्या रेषांवर हवं, आणि सरळ शीटवर चौकोन आखून ब्लेडने कापायला बसलं की नेमक्या त्याच रेषा बारा वेळा वरच्या आणि बारा वेळा खालच्या, अशा चोवीस वेगवेगळ्या तुकड्यांत कापाव्या लागतात. प्रत्येक कापाला चुकायची नवी संधी. त्यात ब्लेड कोपऱ्यावर थांबता थांबत नाही, पुढे सरकतंच.

हे शीट म्हणजे पॉलिस्टायरीन. एव्हरग्रीन किंवा स्लेटर्सचं प्लास्टिकार्ड ही त्यातली जुनी, ओळखीची नावं. 0.25, 0.5, 0.75, 1 मिलिमीटर अशा जाडीत ते मिळतं. त्याची खोड अशी, की आरपार कापायची गरजच नसते. स्टीलच्या पट्टीला लावून ब्लेडने हलक्या हाताने दोन-तीनदा रेघ ओढायची, रेघेपासून उलट दिशेला वाकवायचं, की कट्कन तुटतं आणि कड सरळ येते. फक्त ब्लेडमुळे रेघेच्या दोन्ही अंगांना प्लास्टिक किंचित उचललं जातं. तो उंचवटा ब्लेड उभं धरून खरवडून टाकायचा, नाहीतर पुढे दोन तुकडे शेजारी बसताना त्यांच्यात फट राहते.

लांब सरळ काप या शीटमध्ये सोपा, आखूड काप अवघड. हे ध्यानात आलं की बाकीचं आपोआप सुचतं: सगळं काम लांब कापांवर आणायचं. डब्याची बाजू म्हणजे तीन आडव्या पट्ट्या. एक खिडक्यांच्या खालची, एक वरची, आणि मधली बरोबर खिडकीच्या उंचीची. या तिन्ही पट्ट्या अखंड कापायच्या. मग मधली पट्टी आडवी ठेवून तिचे खांबांच्या रुंदीचे तुकडे पाडायचे. सगळे खांब एकाच पट्टीतून आले, त्यामुळे सगळ्यांची उंची एकच. ती मोजायचीसुद्धा गरज नाही. मधल्या रिकाम्या जागा उरतात, त्या खिडक्या.

जुळणी काचेवर करायची. काचेखाली खऱ्या मापाचं ड्रॉइंग, काचेवर स्टीलची पट्टी पक्की चिकटवलेली. तिला टेकवून खालची प्लास्टिकची पट्टी, तिच्यावर खांब उभे, त्यांच्यावर वरची पट्टी. खांबांमधल्या अंतरासाठी मी खिडकीच्या रुंदीचा एक ठोकळा ठेवते, पण त्याच्यावर पूर्ण भिस्त ठेवत नाही. ठोकळ्यामागून ठोकळा लावत एका टोकाकडून निघालं की चूक पुन्हा साठत जाते. म्हणून सुरुवात डब्याच्या मध्यापासून, दोन्ही टोकांकडे सरकत, आणि प्रत्येक खांब ड्रॉइंगवरच्या रेघेशी ताडून.

जोडायला डिंक नाही, द्रावक. ब्यूटानोन, डायक्लोरोमिथेन असले पातळ द्रव प्लास्टिक विरघळवतात आणि दोन तुकडे एकमेकांत वितळून एक होतात. बारीक ब्रशचं टोक सांध्याला नुसतं टेकवायचं. थेंब सांध्यात स्वतःहून ओढला जातो. जवळून बघितलं तर पांढऱ्या प्लास्टिकमध्ये एक ओली रेघ सर्रकन धावत जाते, क्षणभर गडद दिसते आणि सांधा नाहीसा होतो. बोट मात्र त्या रेघेवर असता कामा नये. द्रव बोटाखाली शिरतो आणि तुमच्या बोटाचा ठसा डब्यावर कायमचा उमटतो. आणि खोलीची खिडकी उघडी हवी. या वाफा नाकातोंडात जाण्यासारख्या नसतात. डायक्लोरोमिथेनच्या तर मुळीच नाहीत.

एवढ्याने बाहेरची बाजू तयार होते, पण ती एकटी लेचीपेची असते आणि काच बसवायलाही खाच हवी. म्हणून आतून आणखी एक थर, त्यातल्या खिडक्या चहूबाजूंनी मिलिमीटरभर मोठ्या. हा थर कसाही कापा, वाकडा कापा, बाहेरून दिसत नाही. इथे एक धोका आहे. दोन मोठे पृष्ठभाग द्रावकाने सरसकट माखून चिकटवले की द्रावक मध्ये कोंडला जातो. आज बाजू आरशासारखी सपाट असते. काही महिन्यांनी ती पोट काढते किंवा केळीसारखी वाकते, तेही रंग झाल्यावर. आतल्या थराला आधीच भोकं पाडून ठेवली की वाफेला वाट मिळते. द्रावक कडांपुरताच लावायचा, मध्ये नाही. मग बाजू वजनाखाली दोन-चार दिवस विसरून जायची. या छंदात घाई केल्याची शिक्षा नेहमी उशिराच मिळते, त्यामुळे धडा घ्यायचा कशावरून हेच कळत नाही.

जाडीबद्दलही लोक विचारतात. अर्धा मिलिमीटर म्हणजे फार पातळ वाटतं, पण त्याला 87 ने गुणा: साडेत्रेचाळीस मिलिमीटर. खऱ्या डब्याचा पत्रा एवढा जाड असता तर इंजिनाने हात टेकले असते. ही जाडी एकाच ठिकाणी उघडी पडते, खिडकीच्या कडेला. तिथे आतल्या बाजूने कानस तिरकी धरून कड उतरवायची, म्हणजे बाहेरून फक्त एक बारीक धार दिसते. बाकी सगळीकडे जाडी लपते.

गोल कोपऱ्यांच्या खिडक्यांना मात्र माझ्याकडे काही युक्ती नाही. प्लास्टिकचा चुरा द्रावकात विरघळवून केलेली घट्ट लापशी प्रत्येक कोपऱ्यात भरायची, एक-दोन दिवस वाळू द्यायची आणि गोल सुई-कानशीने आकार द्यायचा. बारा खिडक्या, अठ्ठेचाळीस कोपरे, आणि दुसरी बाजू अजून बाकी. कंटाळवाणं काम आहे. मी ते काहीतरी ऐकत करते.

जुन्या ब्रिटिश लाकडी डब्यांची गोष्ट आणखी वेगळी, कारण त्यांच्या बाजू खाली आत वळत गेलेल्या असतात. बाजू आधी सपाट जुळवायची, मग जाड रबरावर पालथी ठेवून खालच्या भागावर गोल दांडा दाबत फिरवायचा. प्लास्टिक हळूहळू वळण घेतं. गरम पाण्यानेही वळतं, पण पॉलिस्टायरीन शंभर अंशांच्या आसपास मऊ पडतं, त्यामुळे खळखळतं पाणी ओतलंत तर वळणाबरोबर खिडक्याही हलतील. उकळी खाली बसलेलं पाणी बरं. खरं सांगायचं तर वळण अगदी नेमकं यायची गरजही नाही. ते पक्कं करतात आतल्या आडव्या भिंती. त्या सगळ्या एकाच साच्यावर कापायच्या, गठ्ठा करून एकदमच कानशीने घासायच्या, म्हणजे एकसारख्या होतात आणि बाजूला स्वतःच्या आकाराला लावतात. कंपार्टमेंटच्या डब्यात या भिंती खऱ्या डब्यातही असतातच, त्यामुळे फुकटात ताठपणा मिळतो. आतून मोकळ्या डब्यात त्या घालता येत नाहीत. तिथे खिडकीच्या खाली, सीटच्या पाठीमागे, आणि वर टपाला लागून लांब पट्ट्या उभ्या लावून काम भागवावं लागतं.

हे सगळं सुरू करण्याआधी आपली वळणं मोजून घ्या. त्या 26.4 मीटरच्या डब्यात दोन बोगींच्या, म्हणजे डब्याखालच्या चाकांच्या गाड्यांच्या, मध्यांमधलं अंतर 19 मीटर, म्हणजे 1:87 मध्ये 218 मिलिमीटर. डबा वळणावर गेला की त्याचा मध्य रुळाच्या मध्यापासून आत सरकतो. किती, तर या अंतराचा वर्ग भागिले वळणाच्या त्रिज्येची आठपट. त्रिज्या 360 मिलिमीटर असेल, जी खेळण्यातल्या रुळांना सर्रास असते, तर उत्तर येतं साडेसोळा मिलिमीटर. एचओ रुळांच्या दोन पट्ट्यांमधलं अंतरही साडेसोळाच. म्हणजे डब्याचं पोट अख्ख्या रुळाच्या रुंदीइतकं बाहेर लोंबकळतं आणि शेजारच्या मार्गावरच्या गाडीला घासतं. म्हणूनच कितीतरी वर्षं कारखान्यांनी हे डबे उंची-रुंदीला 1:87 आणि लांबीला 1:100 असे विकले, 264 मिलिमीटरचे. त्यांना नावं ठेवणारे खूप आहेत, मी नाही. तुमची वळणं घट्ट असतील तर तुम्हीही लांबी कमी करा. फक्त प्रत्येक खिडकी चेपून अरुंद करू नका. एक कंपार्टमेंट सरळ गाळा. खिडकीचं प्रमाण बिघडलं की डब्याचा चेहरा बदलतो, बारा खिडक्यांच्या अकरा झालेल्या मात्र मोजल्याशिवाय कळत नाहीत.

वजनाचं थोडक्यात. अमेरिकेतल्या नॅशनल मॉडेल रेलरोड असोसिएशनची एचओसाठी शिफारस आहे: एक औंस, अधिक लांबीच्या प्रत्येक इंचाला अर्धा औंस. 303 मिलिमीटरच्या डब्याला हे जवळपास 200 ग्रॅम होतं. लांब गाडी चढावर ओढायची असेल तर मी यात बरीच काटकसर करते, पण सगळ्या डब्यांत सारखीच, नाहीतर वळणावर हलका डबा आत ओढला जाऊन रुळावरून उतरतो. वजन जमिनीलगत हवं. शिशाचे छर्रे लाकडाच्या पांढऱ्या डिंकात कधीही घालू नका. शिसं त्यात गंजून फुगतं आणि काही वर्षांनी डबा आतून उकलतो. एपॉक्सीमध्ये बसवलेले लोखंडी पट्टीचे तुकडे बरे.

पितळेची चासी, म्हणजे तळाचा सांगाडा, प्लास्टिकच्या डब्याला दोन्ही टोकांना घट्ट चिकटवू नये, हेही जाता जाता. वीस अंशांच्या फरकाने एवढ्या लांबीचं पॉलिस्टायरीन 0.4 मिलिमीटर वाढतं, पितळ 0.1. उरलेला फरक डबा वाकून भरून काढतो. एक टोक स्क्रूने पक्कं, दुसऱ्या टोकाला लांबट भोक.

रंग काचांच्या आधी, आणि टप किंवा तळ यांपैकी एक काढता येईल असा. काचांना सुपरग्लू नको, त्याच्या वाफेने काच पांढुरकी धुरकट होते. एवढं पुरे.

आता या प्रश्नाला हल्ली एक शेपूट लागलेलं असतं: मग थ्रीडी प्रिंटर का घेत नाही? घेतलाय. बोगीच्या बाजू, टपावरचे झरोके, बफर, सीटा, सगळं त्यावर छान निघतं. तीनशे मिलिमीटरची पातळ सपाट बाजू मात्र त्यावर कमानीसारखी येते आणि थरांच्या रेघा घासायला बसलं की तेवढ्या वेळात पट्ट्या जुळवून होतात. कागद कापणारं छोटं मशीन असेल तर ते जरूर वापरा. 0.25 चं शीट ते नीट कापतं आणि गोल कोपऱ्यांचा प्रश्नच मिटवतं. माझ्याकडे ते आलं तर मीही वापरेन, त्यात तत्त्वाचा वगैरे काही प्रश्न नाही.

आणि सुरुवात करणार असाल तर बारा खिडक्यांच्या डब्याने करू नका. सामानाचा डबा निवडा. खिडक्या चार-पाच, उरलेली जागा सरकत्या दरवाजांची, आणि दरवाजे तर नुसते वरून चिकटवलेले चौकोन. शक्यतो दोन्ही बाजू सारख्या असलेला डबा शोधा. कंपार्टमेंटच्या डब्याला एका बाजूने कॉरिडॉर असतो, तिथल्या खिडक्यांची मांडणी वेगळी, म्हणजे ड्रॉइंग दोन. सामानाच्या डब्याला एकच पुरतं, काचेखालून न हलवता.