कोठडीऐवजी उपचार : कलम ६४-अ खालील अर्जाचा माझा अनुभव

गर्दच्या, म्हणजे ब्राउन शुगर या भेसळयुक्त हेरॉइनच्या, व्यसनात सापडलेल्या मुलाला तुरुंगाऐवजी रुग्णालयात पाठवण्याची तरतूद आपल्या अमली पदार्थविषयक कायद्याच्या कलम ६४-अ मध्ये आहे. परंतु ती आपण होऊन कोणी देत नाही, मागावी लागते. माझा मुलगा बावीस वर्षांचा असताना रत्नागिरीत बंदराजवळ पोलिसांना त्याच्या खिशात ब्राउन शुगरच्या पुड्या सापडल्या. पंचनाम्यात वजन दोन ग्रॅमच्या आत भरले आणि गुंगीकारक औषधी द्रव्ये आणि मनोव्यापारांवर परिणाम करणारे पदार्थ अधिनियम, १९८५ च्या कलम ८(क), २१(अ) आणि २७ खाली, म्हणजे अमली पदार्थ जवळ बाळगणे व सेवन करणे यांसाठी, गुन्हा दाखल झाला. मी एका मच्छीमार सहकारी संस्थेचा सचिव आहे. डिझेल परताव्याचे प्रस्ताव करण्यात माझी उमेदीची वर्षे गेली असल्याने अर्ज, जोडपत्रे आणि पोच यांची मला भीती वाटत नाही; पुढे जे काही साधले त्यात या सवयीचा वाटा मोठा आहे.

शेवटचा झुरका घेतल्यानंतर साधारण आठ ते बारा तासांत टर्की, म्हणजे नशा न मिळाल्याने शरीराला होणारा त्रास, सुरू होते, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी ती कळसाला पोहोचते आणि आठवडाभरात शरीरापुरती ओसरते. आमच्या मुलाचे हे दिवस कोठडीत गेले. मे महिन्याच्या उकाड्यात तो गुडघे पोटाशी घेऊन कुडकुडत होता, नाकाडोळ्यांतून पाणी वाहत होते, अंगावर काटा होता आणि एकामागून एक जांभया येत होत्या. तेथे उभ्या असलेल्या एकाने “नाटकं करतोय” असे म्हटले, आणि आमच्या वाडीतल्या जाणत्या माणसांचेही मत फारसे वेगळे नव्हते: “चार दिवस आत राहिला की येईल ताळ्यावर.” टर्की उतरली म्हणजे व्यसन उतरले, हा समज त्यामागे आहे. प्रत्यक्षात काही आठवडे गर्द न मिळाल्याने शरीराची ती सोसण्याची ताकद घटते, ओढ मात्र तशीच राहते, आणि सुटून आलेल्या मुलाने पूर्वीइतकीच मात्रा घेतली तर श्वास मंदावून त्याचा जीव जाऊ शकतो. नुसत्या कोठडीने माझा मुलगा सुधारेल की नाही, या प्रश्नाआधी तो जगेल की नाही हा प्रश्न मला पडला तो यामुळे.

पहिल्या वकिलांनी सरळ सल्ला दिला की गुन्हा कबूल करावा, दंड भरावा आणि मोकळे व्हावे. हेरॉइनच्या अल्प मात्रेसाठी शिक्षा एक वर्षापर्यंत सक्तमजुरी किंवा दहा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही अशी असल्याने हा मार्ग सोपा वाटतो आणि पुष्कळजण तो धरतात. पण दोषसिद्धी कागदावर राहते. आमच्याकडच्या मुलांचे डोळे मर्चंट नेव्हीकडे किंवा आखाताकडे लागलेले असतात. पासपोर्ट आणि चारित्र्य पडताळणीच्या टप्प्यावर हा दंड काय किमतीला पडतो ते नंतर कळते. शिवाय या मार्गात उपचाराचा कोठे संबंधच येत नाही. म्हणून मी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे गेलो. कोठडीत असलेल्या व्यक्तीला विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ च्या कलम १२ नुसार मोफत वकील मिळतो, मग घरचे उत्पन्न काहीही असो. तेथे नेमलेल्या वकील मॅडमनी प्रथम सातबारा असलेला जामीनदार उभा करून जामीन मिळवला आणि त्याच बैठकीत कलम ६४-अ माझ्यासमोर उघडून ठेवले.

या कलमाचा आशय असा की, जो व्यसनी इसम सेवनाच्या किंवा अल्प मात्रेच्या गुन्ह्यात आरोपी आहे, तो स्वेच्छेने शासनाच्या किंवा स्थानिक प्राधिकरणाच्या, अथवा त्यांनी मान्यता दिलेल्या रुग्णालयात वा संस्थेत उपचार घेत असेल तर त्या गुन्ह्यासाठी त्याच्यावर खटला चालवता येत नाही. उपचार अर्धवट सोडल्यास हे संरक्षण काढून घेता येते. कलम ३९ हे याहून वेगळे आहे. त्यात आधी दोषी ठरवले जाते आणि शिक्षा देण्याऐवजी आरोपीच्या संमतीने त्याला बंधपत्रावर उपचारासाठी सोडले जाते. दोन्ही कलमे एकाच दमात सांगणारे लोक मला भेटले, म्हणून हा फरक मुद्दाम लिहिला. हेरॉइनची अल्प मात्रा म्हणजे पाच ग्रॅमपर्यंत. आणि येथे एक पेच आहे: सर्वोच्च न्यायालयाच्या २०२० च्या निकालानुसार भेसळीसकट सगळ्या पुडीचे वजन धरले जाते. गर्द भेसळीवाचून मिळत नाही, तेव्हा आठवड्याचा माल एकदम घेणारा मुलगा, शुद्ध अंश नगण्य असूनही, पाच ग्रॅमच्या पलीकडे आणि या कलमाच्या बाहेर जाऊ शकतो.

अर्जाला दोन गोष्टींचा आधार लागतो. पहिली म्हणजे आरोपी खरोखर व्यसनाच्या अधीन आहे याचा वैद्यकीय पुरावा. जी गोष्ट आम्ही नातेवाइकांपासून लपवत आलो होतो, तीच आता न्यायालयात सिद्ध करायची होती. माझ्या पत्नीला हे सर्वांत जड गेले. दुसरी गोष्ट म्हणजे उपचाराच्या ठिकाणाची मान्यता. शेजारच्या तालुक्यातील एका कुटुंबाने खाजगी केंद्रात भरपूर पैसे ओतले आणि तेथला दाखला न्यायालयात चालला नाही. कोकणात हे ठिकाण शोधणे हेच काम आहे. राज्यातील जुन्या सरकारी मनोरुग्णालयांपैकी एक रत्नागिरीत आहे, पण राजापूर किंवा मंडणगडच्या मजुराला तेथेही दर आठवड्याला येणे परवडत नाही. पुण्यात अवचट दांपत्याने येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात १९८६ साली मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र उभे केले ते गर्दच्याच लाटेमुळे. आपल्या किनाऱ्यावर तसे काही उभे राहिले नाही.

अर्ज बापाने करून चालत नाही. कलमात ‘स्वेच्छेने’ ही अट असल्याने प्रतिज्ञापत्र मुलाच्याच नावे झाले. मॅडमनी त्याला ते मोठ्याने वाचायला लावले; “मला हेरॉइनचे व्यसन आहे” या वाक्याशी तो थांबला, टेबलावरचे पाणी प्यायला आणि मग शेवटपर्यंत न थांबता वाचून त्याने सही केली.

खरी अडचण आली ती सरकार पक्षाचे म्हणणे दाखल झाल्यावर. डॉक्टरांनी मुलाला बुप्रेनॉर्फिन सुरू केले होते. ही गोळी जिभेखाली ठेवतात. तिने टर्की आणि ओढ आटोक्यात राहते आणि माणूस कामावर जाऊ शकतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत ती आहे. पण याच १९८५ च्या कायद्याच्या अनुसूचीतही ती आहे. त्यामुळे हरकत अशी आली की एक अमली पदार्थ सोडून दुसरा चालू असताना उपचार पूर्ण झाला असे कसे म्हणावे. हरकत अगदीच वावगी नव्हती. तिच्यावर उत्तर वकिलाचे नव्हे, डॉक्टरांचे हवे होते. त्यांनी लेखी दिले की दाखल राहण्याचा टप्पा संपला आहे, गोळी हाच उपचाराचा पुढचा भाग आहे, ती देखरेखीखाली दिली जाते आणि घाईने बंद केल्यास व्यसन उलटण्याचा धोका वाढतो. मधल्या काळात मुलगा एकदा घसरला होता. तेही त्यांनी न लपवता, त्यानंतर मात्रा कशी बदलली यासह नमूद केले. मला वाटते, त्या प्रांजळपणामुळेच पत्राला वजन आले. बऱ्याच तारखा पडल्यानंतर न्यायालयाने अर्ज मान्य केला आणि खटला पुढे चालला नाही.

त्यानंतर तीन-चार कुटुंबे आमच्याकडे आली आणि आम्ही मिळून एक निवेदन तयार केले. विकणाऱ्याला सूट द्या असे त्यात कोठेही नाही. अडीचशे ग्रॅमच्या वर माल सापडला तर दहा ते वीस वर्षे शिक्षा आहे आणि ती असावी. आमचे मागणे एवढेच की अल्प मात्रेच्या प्रकरणात मुलाला प्रथम हजर करतानाच विधी सेवेच्या वकिलाने कलम ६४-अ समजावून सांगावे, आणि कोठडीत टर्की लागलेल्याला डॉक्टर व औषध मिळावे. व्यसनग्रस्तांना विधी सेवा देण्याची राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाची योजना २०१५ पासून आहे, तिचा आधार आम्ही घेतला. पहिली मागणी तोंडी मान्य झाली. दुसरीवर पोच मिळाली आहे, उत्तर नाही. १ जूनला मासेमारीबंदी लागते, बोटी किनाऱ्याला ओढल्या जातात आणि हंगामाचा हिशेब खिशात असलेली रिकामी पोरे दोन महिने बंदरावर बसतात. पुड्यांचा धंदा तेव्हाच वाढतो. त्याआधी उत्तर मिळावे म्हणून निवेदनाची दुसरी प्रत, डॉक्टरांचा अभिप्राय जोडून, आम्ही जिल्हाधिकारी कार्यालयात दिली आहे.