मनगट आणि मिलिमीटर

चपलेचा नंबर विचारला की माणूस झोपेतही सांगतो. बांगड्या भरायला बसलेली बाई कासाराला ‘दोन-चार’ की ‘दोन-सहा’ हे न अडखळता सांगते. स्मार्टवॉच घेताना मनगटाचा घेर विचारला, तर मात्र सगळे आपल्या मनगटाकडे बघायला लागतात. आणि बांगडीचं माप इथे उपयोगाचं नाही. दोन-चार म्हणजे दोन इंच आणि वर चार सोळांश, म्हणजे आतला व्यास साधारण ५७ मिमी. बांगडी आवळलेल्या पंजावरून, अंगठ्याच्या सांध्यावरून चढली पाहिजे म्हणून ती एवढी मोठी. तिच्या आतलं मनगट कितीही बारीक असू शकतं.

घड्याळाच्या खोक्यावरचे आकडे तरी सरळ असावेत, तर तेही नाही. ॲपलचं घड्याळ २०१५ साली आलं तेव्हा ३८ मिमीचं धाकटं आणि ४२ चं थोरलं होतं. २०२४ च्या सिरीज १० मध्ये ४२ धाकटं झालं आणि थोरलं ४६ वर गेलं. त्यामुळे कपाटात जुन्या ४२ चे चांगले पट्टे असतील, तर ते नव्या ४२ ला बसत नाहीत, नव्या ४६ ला बसतात. एचएमटीचं ‘जनता’ पस्तीसेक मिलिमीटरचं होतं आणि ते चांगलं बाप्याचं घड्याळ समजलं जाई. आज तो आकडा दुकानात सांगितला तर लहान मुलांचा विभाग दाखवतील.

आपल्याकडच्या स्वस्त घड्याळांची तर वेगळीच तऱ्हा. तिथे मोठ्या अक्षरांत लिहिलेलं असतं १.९६ इंच. ते माप पडद्याचं, तेही कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत, तिरकं. घड्याळाची उंची, रुंदी आणि जाडी शोधायला माहितीच्या तक्त्यात शेवटपर्यंत खाली जावं लागतं. पण मनगटाला लागतात ती हीच तीन मापं.

मोजायला वर्तमानपत्राच्या कडेची बोटभर रुंद पट्टी पुरते. दोरा ताणला जातो आणि पाच-सहा मिलिमीटर सहज चुकवतो, कागद ताणला जात नाही. करंगळीच्या बाजूला मनगटाचं जे हाड वर येतं, त्याच्या मागे, कोपराच्या दिशेला एक बोट सोडून पट्टी गुंडाळायची, जिथे टोक येईल तिथे खूण करायची आणि फूटपट्टीवर ठेवायची. हाडावर मोजलं तर माप मोठं येतं. शिवाय घड्याळ तिथे बसायचंही नसतं. कंपनीच्या संकेतस्थळावरची मोजपट्टी छापून घेणार असाल तर प्रिंटरला १०० टक्के सांगा. ‘पानात बसवा’ ही खूण तशीच राहिली की पट्टी आक्रसते आणि मनगट आहे त्याहून जाड ठरतं.

घेरावरून पट्टा ठरतो, घड्याळ नाही. घड्याळासाठी वरच्या सपाट भागाची रुंदी हवी. मनगट गोल नसतं, चपटं असतं. १५० मिमी घेराच्या हाताला वरून पन्नासच्या आसपास रुंदी मिळते, पण कडा दोन्हीकडे उतरत्या असतात, म्हणून खरा सपाट भाग त्याहून कमीच. घड्याळाचं वरचं टोक ते खालचं टोक, म्हणजे जिथून पट्टा निघतो ते अंतर, या सपाटीत मावलं पाहिजे. ॲपलचा ४६ हा आकडा नेमका याच दिशेचा आहे. आडवं ते ३९ मिमीच भरतं. गोल घड्याळात ४६ हा बहुधा नुसत्या तबकडीच्या घेऱ्याचा व्यास असतो आणि पट्टा धरणाऱ्या शिंगांची लांबी वर वेगळी. त्यामुळे ४३ चं गोल घड्याळ मनगटाबाहेर डोकावतं आणि ४६ चं चौकोनी निमूट बसतं, असं होऊ शकतं. आडवी रुंदी आणि जाडी यांचा हिशेब हात वाकवताना कळतो. दंड काढताना किंवा सूर्यनमस्कारात पंजा मागे वळला की घड्याळाची कड आणि बटण हाताच्या पाठीत रुततं, कधी बटण दाबलंही जातं. सेटिंगमध्ये बटण कोपराच्या बाजूला घेता येत असेल, तर ते जरूर करावं.

विकत घेण्याआधी पुठ्ठा कापून, थर चिकटवून तेवढ्याच मापाचा ठोकळा करा, रबरबँडने बांधा आणि आरशात बघा. वरून बघताना घड्याळ डोळ्यांच्या जवळ असतं म्हणून मोठं दिसतं. मोबाइलने जवळून काढलेल्या फोटोत तर ते आणखी फुगतं. लोकांना दिसतं ते आरशातलं.

दिसण्याचं सोडा, मोठं घड्याळ बारीक हातावर चुकीचं मोजतं, हे जास्त महत्त्वाचं. मागचे हिरवे दिवे कातडीत प्रकाश सोडतात आणि रक्ताच्या ठोक्यागणिक परत येणारा प्रकाश किती बदलतो ते पाहून नाडी सांगतात. घड्याळ सपाटीबाहेर गेलं की ते डुगडुगतं, फटीतून बाहेरचा उजेड शिरतो, आणि पळताना काही वेळा ते नाडीऐवजी पावलांचाच ताल मोजत बसतं. तपासायचं तर अंधाऱ्या खोलीत नाडी मोजायला लावून बाजूने बघा. कडेने हिरवी रेघ दिसली की तिथे फट आहे. मग लोक पट्टा करकचून आवळतात आणि घामाने, साबणाच्या फेसाने खाली पुरळ उठतं. कोकणात, मुंबईत तर हमखास. दिवसभर करंगळी जेमतेम सरकेल इतका सैल आणि व्यायामाला एक भोक घट्ट, एवढं पुरतं.

तरी मोठ्याचा मोह निराधार नाही. जागा जास्त म्हणजे बॅटरी मोठी. सॅमसंगच्या गॅलक्सी वॉच ६ मध्ये ४० मिमीला ३०० एमएएच (बॅटरीच्या क्षमतेचं माप) आणि ४४ ला ४२५. गार्मिनच्या फेनिक्स ७ मालिकेत ४२, ४७ आणि ५१ मिमीच्या घड्याळांना कंपनी एका चार्जिंगवर अनुक्रमे ११, १८ आणि २८ दिवस सांगते. बारीक मनगटाची माणसं चार्जर जास्त वेळा शोधतात, हा अन्यायच आहे. चाळिशीचा चष्मा असलेल्यांनीही मोठा पडदा घ्यावा, पण आधी लहान घड्याळात अक्षरं मोठी करून पाहावीत. ते बऱ्याचदा पुरतं.

पट्टा घेताना बकल मधल्या भोकात आलं पाहिजे. शेवटच्या भोकात अडकलं तर पुढे घट्ट करायला वाव नाही, पहिल्यात अडकलं तर सैल करायला नाही. बकल नसलेले ताणाचे पट्टे वापरून सैलावतात, म्हणून दोन मापांत अडकलात तर धाकटं घ्या. आणि हे सगळं संध्याकाळी. उन्हाळ्यात, चालून आल्यावर, दिवस उतरताना हात थोडा सुजलेला असतो. धातूच्या पट्ट्याच्या कड्या काढायच्या तर दोन्ही बाजूंनी सारख्या काढायला सांगा, म्हणजे लॉक मनगटाच्या खाली मधोमध राहतं. काढलेल्या कड्या आणि त्यांच्या पिना दुकानदाराकडून मागून घ्या. मे महिन्यात त्यांतली एक परत लागते.